बातमी सोडून काहीही

आमच्या रेडिओवर बातमी सोडून काहीही सांगता येतं. शेंगाचटणी खमंग कशी करायची, दहावीनंतर कोणता कोर्स घ्यायचा, केसांतला कोंडा कशानं जातो, सगळं चालतं. फक्त काल गावात काय झालं ते सांगायचं नाही. ते सांगितलं की ती बातमी होते, आणि बातमीची परवानगी आम्हाला नाही.

मी लीला पुजारी. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होते. निवृत्त झाले त्याच वर्षी कुंभारीच्या एका शिक्षणसंस्थेनं सामुदायिक रेडिओ काढला, नाव ‘माळवाणी’. संस्थेला असं माणूस हवं होतं, जे थोड्या मानधनात भरपूर कागद सांभाळेल आणि वर आवाजही बरा असेल. असल्या जाहिरातीला माझ्यासारखीच बाई सापडते. आमचा ट्रान्समीटर पन्नास वॅटचा, म्हणजे टेबलफॅनला लागते तेवढी वीज. आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, वारा उलटा असला तर तेवढाही नाही, असं गावातले लोक म्हणतात आणि मी त्यांना शास्त्र समजावत बसत नाही. पण एवढ्याशा आवाजाला सरकार किती जपून वागवतं, ते मला करारनामा वाचल्यावर कळलं. आमच्या शाळेच्या इमारतीचा करारनामासुद्धा एवढा जाड नव्हता.

त्यात लिहिलंय, की आकाशवाणीच्या बातम्या हव्या तर जशाच्या तशा लावा, स्वतःच्या देऊ नका. पाऊसपाणी, वाहतूक, वीज, पाणीपुरवठा, साथीचे रोग यांची माहिती देता येईल, पण ती स्थानिक प्रशासनाने पुरवलेली असावी. केलेलं प्रत्येक प्रसारण तीन महिने जपून ठेवावं, मागितल्यास हजर करावं. नियम शहाण्यासुरत्या माणसांनी केलेला आहे. गल्लीबोळातले रेडिओ बातम्या द्यायला लागले तर अफवा पसरतील, अशी त्यांना काळजी. मोबाईलवर दिवसभर अफवांचा पूर वाहतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण मोबाईलला कुठं कुंभारीत ऑफिस आहे नोटीस पाठवायला!

आम्हाला पहिली नोटीस गेल्या वर्षी आली. कुंभारी फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर उलटला होता. मी दोन गाण्यांच्या मधे म्हटलं, “फाट्यावर ट्रॅक्टर उलटलाय, जरा जपून जा.” आठव्या दिवशी कागद हजर. सात रस्त्याला प्रसारण देखरेख कक्ष म्हणून एक ऑफिस आहे, जिना चढून तिथं गेले. तिथले अधिकारी अवधूत साहेब, वय तिशीच्या आसपास, शर्ट कडक, बोलणं गोड.

“मॅडम, ट्रॅक्टर उलटला ही बातमी झाली,” ते म्हणाले. “रस्ता बंद आहे, ही वाहतुकीची माहिती.”

“पण लोक विचारणार, रस्ता कशानं बंद आहे?”

“तो त्यांचा प्रश्न. आणि रस्ता बंद आहे हेसुद्धा आम्ही कळवल्यावरच सांगायचं.”

“तुम्हाला कोण कळवणार?”

“पोलीस.”

“आणि पोलिसांना?”

“लोक कळवतात की.”

“आणि लोकांना?”

साहेब मनापासून हसले. मग समज दिल्याची नोंद केली आणि म्हणाले, “परवान्याच्या नूतनीकरणाची तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे. आणखी एक नोटीस निघाली, तर मलाही काही करता येणार नाही.” तेव्हापासून मी माइकसमोर बसताना तोंडाला आतून कुलूप लावून बसू लागले. रेडिओवर चार माणसांची पोटं आहेत, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडतो. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. इथं पहिल्यांदा कुणी माझं बोलणं ऐकायला सकाळी उठत होतं.

माझ्यापेक्षा जास्त गोजाबाईचं ऐकत. गोजाबाई कुंभारीच्या पलीकडच्या माळावरची, मेंढरं राखणारी. रोज सकाळी सहाला तिचा पंधरा मिनिटांचा ‘रानवाट’ नावाचा कार्यक्रम असे. कोकराला जुलाब लागले तर काय पाजायचं, लोकर कधी कातरायची, लांडगा कुठल्या वासानं येतो, असलं काही. अक्षर एक येत नाही, पण घड्याळाकडे न बघता बरोब्बर पंधराव्या मिनिटाला थांबते. मेंढके काठीला छोटा रेडिओ अडकवून रानात जातात. मोबाईल आहेत त्यांच्याकडे, पण रानात चार्जिंग कुठं करणार? दुसऱ्या दिवशी तो डबा होतो. रेडिओ दोन सेलवर महिना काढतो.

गोष्ट घडली ती यंदाच्या वैशाखात. सोमवारी पावणेसहाला गोजाबाई आली ती चप्पल न काढताच स्टुडिओत शिरली. असं ती कधी करत नाही.

“बाई, हरिबाची अकरा मेंढरं पडली काल सांजच्याला. दगडखाणीचं पाणी प्याली आन् जाग्यावर तडफडून मेली. पान्याला कसला तरी रंग चढलाय, वास मारतोय. कुनी तरी रंगाचं पानी आनून वतलंय बगा तितं.”

त्या माळावर उन्हाळ्यात पाणी म्हणजे एक ती बंद पडलेली दगडखाण. चारी बाजूंचे कळप तिथं उतरतात. तिच्या शेजारीच एक विहीर आहे, तिच्यातून गावाचा टँकर भरतो.

“आता सहाला मी हेच सांगणार हाय,” गोजाबाई म्हणाली. “आमची धाकटी जाऊ हाय ना, चंद्रव्वा, ती अक्कलकोटाकडनं कळप घिऊन यायलीया. उद्या खाणीवर टेकंल. तिचा फोन बंद हाय. पर रेडू ऐकती ती, सहाचा चुकवत न्हाय.”

मी घड्याळ बघितलं. मग भिंतीवर चिकटवलेली अटींची यादी बघितली. अकरा मेंढ्या मेल्या ही बातमी. पाण्यात विष आहे ही माहिती, पण ती प्रशासनानं पुरवलेली नाही.

“गोजाबाई, आज थांब,” मी म्हटलं. “मी साडेदहाला साहेबांना फोन करते, त्यांच्याकडून कागद घेते. उद्या सहाला तूच सांग.”

“कागद कशाला लागतोय? मेंढरं पडल्याली म्या डोळ्यांनी बगितली.”

“म्हणूनच. तू बघितलंस म्हणजे बातमी झाली. त्यांनी न बघता कळवलं, तर माहिती होते.”

 ती माइकसमोर बसली आणि कोकरांच्या खुरांवर बोलली. पंधराव्या मिनिटाला उठली आणि माझ्याकडे न बघता गेली. तिच्या परीनं तीही गप्प बसली नाही, म्हातारी उन्हात चार वस्त्यांवर चालत जाऊन सांगून आली. पण अक्कलकोटाकडच्या वाटेवर कुठं आणि किती चालणार?

साडेदहाला साहेब जागेवर नव्हते. बाराला होते. माझं सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, हे कुठल्या प्रकारात बसवायचं ते बघावं लागेल. खाण पाणीपुरवठा योजनेत येत नाही, म्हणजे ती पाणीपुरवठ्याची माहिती नव्हे. अकरा जनावरं म्हणजे आपत्तीही नव्हे. साथ म्हणावं, तर पशुवैद्यकीय अहवाल लागेल. तुम्ही लेखी अर्ज द्या, मी पुढे पाठवतो. तिकडून मजकूर आला, की तुम्हाला देतो.”

“किती दिवस?”

“तातडीचं म्हणून पाठवतो.”

“तोपर्यंत नुसतं ‘खाणीचं पाणी पाजू नका’ एवढं सांगितलं तर?”

“का पाजू नका ते लोक विचारतील. मग तुम्ही सांगाल. मग ती बातमी होईल.” आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथं तोंड मोठ्या प्रेमानं दाबलं होतं.

मी अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि मंगळवारी सकाळी जाऊन आवक शिक्का घेऊन आले. शिक्का बघून मला काम झाल्यासारखं वाटलं. क्लार्कच्या जातीला तसं वाटतंच.

मंगळवारी दुपारी चंद्रव्वाचा कळप खाणीवर उतरला. सोळा मेंढ्या मेल्या.

बुधवारी सहाला गोजाबाई आली नाही. मी गाणी लावली, रिक्षा केली आणि माळावर गेले. चंद्रव्वा एका मेलेल्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काठीला रेडिओ तसाच लटकत होता आणि त्यातून माझ्याच आवाजात उन्हाळी सरबतांची माहिती चालू होती, आधी रेकॉर्ड केलेली. मी जाऊन तो बंद केला. मला लाज वाटली, इतकी की कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. 

घरी येऊन मी करारनामा पुन्हा काढला. बाकी काही येवो न येवो, नियमांत फट शोधणं मला येतं. लोककला आणि संस्कृतीला पूर्ण मुभा होती. आमचा दर गुरुवारी लोककलेचा कार्यक्रम असे. बिरोबाच्या देवळात सेवा करणारे आण्णा ढोलावर ओव्या गात. हेच आण्णा वर्षातून एकदा जत्रेत भाकणूक सांगतात, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य. पाऊस किती, पीक कसं, रोगराई कुठं. ती जत्रेतली भाकणूक आम्ही दर वर्षी लावतो. गेल्या साली आण्णांनी धरती हादरेल, डाळी महागतील आणि गादीवर नवा माणूस बसेल, असं सगळं सांगितलं होतं. त्यावर एका शब्दाची नोटीस नाही. उलटलेल्या ट्रॅक्टरवर मात्र दोन पानी. म्हणजे जे झालं ते सांगायला बंदी, आणि जे व्हायचंय ते देवाच्या नावानं खुशाल सांगा.

मी आणि गोजाबाई आण्णांकडे गेलो. माझी युक्ती ऐकून ते उखडले.

“भाकणूक वरसातनं एकदाच. आन् ती मी करत न्हाय, देव करवून घेतो. त्येच्या तोंडात तुमचं सरकारी कागद कोंबू नगासा, बाई.”

 गोजाबाई पुढं झाली.

“आण्णा, देवाला मेंढरं लागत्यात का न्हाईत? समदी मेल्यावर जत्रंत मेंढरांच्या जागी काय सरपंचाला नाचवणार हाय का?”

 आण्णा उठले, काठी घेतली आणि भर दुपारच्या उन्हात एकटे खाणीकडे चालत गेले. सत्तर वर्षांचा माणूस. संध्याकाळी परत आले, तेव्हा पायांना रंग लागला होता, निळा-काळा. “उद्या येतो,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी त्यांनी कपाळाला भंडारा लावला, ढोलावर एक थाप मारली आणि डोळे मिटून बोलले:

“दगडाच्या खाणीला काळा रंग चढंल. त्या पान्याला तोंड लावंल त्या जित्राबाचा दिस मावळंल. मेंढक्यानं तितं काठी टेकू न्हाय, बायामानसांनी तितली घागर भरू न्हाय. बिरोबाची आन हाय.”

 ते सोंग होतं की खरं, हे मी आण्णांना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मला वाटलं होतं, शे-दोनशे माणसं ऐकतील. पण आमच्याकडे बातमीवर लोक शंका घेतात, भाकणुकीवर घेत नाहीत. दुपारपर्यंत एकही कळप खाणीकडे फिरकला नाही. शुक्रवारी तर वेगळंच झालं. गावाचा टँकर आला, ड्रायव्हर शहाजीनं हॉर्न वाजवला आणि एकही बाई घागर घेऊन बाहेर आली नाही. टँकर खाणीशेजारच्या विहिरीवर भरतो हे सगळ्यांना ठाऊक. शहाजी भरलेला टँकर घेऊन परत गेला. आसपासच्या पाच वस्त्यांत तेच. सत्तावीस मेंढ्या मेल्या तेव्हा जी यंत्रणा जागची हलली नव्हती, ती भरलेला टँकर परत आल्यावर धावत आली. शनिवारी पाण्याचे नमुने घेतले, सोमवारी विहीर सील केली. पाण्यात कापड रंगवायची रसायनं सापडली. कुणी ओतली ते सापडलं नाही, ते सापडायची घाईही कुणाला दिसली नाही.

आणि अर्थातच मला बोलावणं आलं. तीन महिन्यांच्या रेकॉर्डिंगसह.

मी गेले तेव्हा अवधूत साहेबांच्या कानाला हेडफोन होता. तीन महिन्यांपैकी बराच भाग त्यांनी खरोखर ऐकला होता. आमचा एवढा निष्ठावंत श्रोता सात रस्त्याला बसलाय, हे मला ठाऊक नव्हतं. हेडफोन काढून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? “गोजाबाईंची ती लंगडी मेंढी बरी झाली का हो?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “ती खाणीवर गेली नव्हती.”

 त्यांनी फाइल उघडली.

“मॅडम, तुम्ही भाकणुकीतून बातमी दिलीत.”

“भाकणूक लोककलेत बसते. तुम्हीच मंजूर केलेल्या यादीत आहे.”

“मग देवाच्या नावानं लोकांना घाबरवलंत. त्याला वेगळा कायदा आहे.”

“पण साहेब, ती खरी निघाली ना.”

“तोच तर घोळ आहे!” ते कळवळून म्हणाले. “खोटी निघाली असती तर अंधश्रद्धा म्हणून लिहिता आलं असतं. खरी निघाली, म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं. म्हणजे बातमी.”

मला त्यांची कीव आली. पोरगं वाईट नव्हतं, फक्त परीक्षा पास होऊन आलं होतं. थोडा वेळ पेन चावून ते म्हणाले, “एक मार्ग आहे. वरून मजकूर आलाय. ‘खाणीचे पाणी वापरू नये.’ तो आम्ही तुम्हाला आधीच दिला होता असं दाखवलं, तर तुमचं प्रसारण ही प्रशासनानं पुरवलेली माहिती ठरते. लोककलेच्या माध्यमातून दिलेली. वर ते आवडेलसुद्धा.”

पत्रावर तारीख होती त्या पहिल्या सोमवारची. साहेबांच्या क्लार्कनं जावक रजिस्टर पुढं केलं, त्यात त्या सोमवारी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या. ते बघून मला काय वाटलं सांगू? कौतुक! शाळेत मी रोज तेच करायची. दिवस संपला की रजिस्टरात दोन ओळी रिकाम्या ठेवायच्या, मागच्या तारखेचं पत्र कधी निघेल सांगता येत नाही. हेडमास्तर मला त्याबद्दल हुशार म्हणत. तो सोमवार जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि मी त्याची तारीख घालून ‘प्राप्त’ लिहिलं, खाली झोकदार सही केली. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, पण कागदावर झोपा आधी करता येतो. नूतनीकरण मंजूर झालं. सात रस्त्यावर थांबून मी उसाचा रस प्याले.

पुढच्या शनिवारी चंद्रव्वा स्टुडिओत आली. सोबत गोजाबाई. चंद्रव्वाच्या हातात घडी घातलेला कागद होता. मेलेल्या मेंढ्यांची नुकसानभरपाई मागायला तिनं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता, त्याचं उत्तर आलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. ‘सदर पाण्याबाबत प्रशासनाने सोमवारीच माळवाणी केंद्रामार्फत सूचना दिली होती. केंद्राची पोच सोबत आहे. सूचना असूनही अर्जदाराने मंगळवारी सदर ठिकाणी जनावरे पाजली, सबब अर्ज नामंजूर.’

खाली पोचेची झेरॉक्स. माझी सही, झोकदार.

चंद्रव्वाला कागदातलं सगळं कळलं नव्हतं. जेवढं कळलं, तेवढंच तिनं विचारलं.

“सोमवारी पत्र आलतं व्हय, बाई? यव्वा, मी सोमवारचा रेडू ऐकला की. सगळा ऐकला. तुमी सांगितलं का न्हाई मग?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  एकतीस वर्षांत मी मागच्या तारखा किती टाकल्या असतील! कुणाच्या रजेच्या, कुणाच्या बढतीच्या. त्यातल्या प्रत्येकीखाली कुणी ना कुणी दबलं असेल, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

“पत्र आलं नव्हतं,” मी म्हटलं. “अकरा दिवसांनी आलं. मी खोटी सही केली.”

गोजाबाई म्हणाली, “मंग हितं आमाला सांगून काय उपेग? तितं सांगा की.” आणि माइककडे बोट केलं.

मी तिला करार, परवाना, चार माणसांचा पगार, सगळं सांगू शकले असते. पण त्या सोमवारीही मी तेच सगळं सांगितलं होतं.

रविवारी सहा वाजता ‘रानवाट’च्या जागी मी बसले. बाजूला गोजाबाई आणि चंद्रव्वा. मी म्हटलं, “नमस्कार. आज बातमी आहे. दगडखाणीच्या पाण्याबद्दल प्रशासनाचं पत्र आम्हाला सोमवारी मिळालं नाही. ते अकरा दिवसांनी, मागची तारीख टाकून मिळालं. सोमवारी मिळाल्याची सही माझी आहे आणि ती खोटी आहे. पाण्यात विष आहे हे गोजाबाईंनी मला सोमवारी सांगितलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मंगळवारी चंद्रव्वा यांच्या सोळा मेंढ्या मेल्या. त्यांची यात काही चूक नाही. बातमी संपली.”

पुढं काय लावायचं ते सुचेना. गोजाबाईनं माइक आपल्याकडे ओढला आणि कोकरांना उन्हाळ्यात मीठ किती द्यायचं ते सांगायला लागली.

सोमवारी ऑफिस उघडलं आणि दुपारी बाराच्या आत नोटीस घेऊन माणूस कुंभारीला. खास गाडीनं. पाण्याचं पत्र यायला अकरा दिवस लागले होते, म्हणजे काम करायचं ठरवलं तर होतं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर केंद्राने, खाणीच्या पाण्याबाबतचे पत्र अकरा दिवस उशिरा व मागील तारखेने प्राप्त झाल्याची बातमी प्रसारित करून अटींचा भंग केला आहे. सबब प्रसारण तात्काळ बंद करावे.’ जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि खाली अवधूत साहेबांची सही.

मी ते तीनदा वाचलं. खोटी माहिती लिहिता आलं असतं, अफवा लिहिता आलं असतं. असल्या जागी तेच लिहितात, मी स्वतः लिहिलं असतं. साहेबांनी बातमी लिहिलं होतं.

ट्रान्समीटरचं बटण मीच बंद केलं. चौघांना सांगताना मला रडू आलं, त्यातल्या एकानं मलाच पाणी आणून दिलं. मग चौकात जाऊन नोटिशीची झेरॉक्स काढली आणि माळावर जाऊन चंद्रव्वाला दिली, नव्या अर्जाला जोडायला. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“ह्यात काय लिवलंय?”

“रेडिओ बंद करा म्हणून लिहिलंय. आणि पत्र उशिरा आलं होतं, असंही लिहिलंय.”

“त्यांनीच लिवलंय?”

“त्यांनीच.”

चंद्रव्वानं कागदाची नीट घडी घातली आणि कनवटीला खोवली.